गेरिट रीटफेल्ड: खुर्चीचे सांधे उघडे करून दाखवणारा सुतार

या साइटवर आपण एरवी बॅटरी, प्रोसेसर, सेन्सर असल्या गोष्टींच्या आत डोकावतो. आज एका खुर्चीच्या आत डोकावायचंय. हसू नका. खुर्ची हेही एक तंत्रज्ञानच आहे, फक्त इतकं जुनं की ते तंत्रज्ञान आहे हेच आपण विसरलोय. घरातली एखादी लाकडी खुर्ची उलटी करून पाय आणि चौकट जिथे मिळतात तिथे बघा. आत काय चाललंय ते काहीच दिसत नाही. सुतारानं एका लाकडात खाच पाडलेली असते, दुसऱ्या लाकडाचं टोक त्यात ठोकून बसवलेलं असतं, वरून पॉलिश मारलेलं असतं. सांधा जितका लपेल तितका कारागीर चांगला, असा हिशेब शेकडो वर्षं चालत आला.

नेदरलँड्समधल्या एका सुताराच्या मुलानं हा हिशेब उलटा केला. त्याचं नाव गेरिट रीटफेल्ड. त्याची लाल-निळी खुर्ची तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असणार: काळ्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर तिरकी ठेवलेली एक लाल फळी आणि एक निळी फळी. ती बघून बहुतेकांना पहिला प्रश्न पडतो की यावर बसायचं कसं? दुसरा प्रश्न पडतो की ही खुर्ची आहे की चित्र? हे दोन्ही प्रश्न पडावेत अशीच ती खुर्ची आहे. पण मला जास्त रस तिसऱ्या प्रश्नात आहे. कुणालाही बनवता यावी इतकी सोपी ही खुर्ची शेवटी फक्त संग्रहालयांना आणि श्रीमंतांना परवडणारी कशी झाली?

वर्कशॉपमधलं पोर

रीटफेल्डचा जन्म २४ जून १८८८ चा, युट्रेख्त शहरातला. वडील फर्निचर बनवायचे. घरचं वातावरण कर्मठ प्रोटेस्टंट. अकरा-बारा वर्षांचा असतानाच शाळा सुटली आणि पोरगा वडिलांच्या वर्कशॉपमध्ये रंधा मारायला लागला. म्हणजे ज्याला पुढे सगळं जग आधुनिक डिझाइनचा मोठा माणूस म्हणणार होतं, त्यानं डिझाइनचं पहिलं शिक्षण कॉलेजात घेतलं नाही, लाकडाच्या भुशात घेतलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सांधा लपवायला किती तास लागतात हे त्याला हातानं माहीत होतं.

पुढे काही वर्षं त्यानं युट्रेख्तमधल्या बेखेर या सोन्याचांदीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समनचं काम केलं. संध्याकाळी वर्ग चालू होते, त्यात क्लारहामर नावाच्या आर्किटेक्टकडे तो शिकला. १९११ मध्ये लग्न झालं, पुढे सहा मुलं झाली. १९१७ मध्ये त्यानं युट्रेख्तमध्येच स्वतःचं वर्कशॉप उघडलं. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. युरोपभर पहिलं महायुद्ध चालू होतं. नेदरलँड्स त्यात तटस्थ होता, त्यामुळे तिथल्या कलाकारांना आपापसात वाद घालायला वेळ होता. त्याच वर्षी थिओ फान डूसबर्ग या चित्रकार-लेखकानं ‘द स्टाइल’ नावाचं मासिक सुरू केलं. सरळ रेषा, काटकोन, लाल-निळा-पिवळा हे मूळ रंग आणि सोबत काळा, पांढरा, करडा, एवढ्यावरच नवी कला उभी राहील असं त्या मंडळींचं म्हणणं. पीट मोंड्रियान हा त्यातला आज सगळ्यात ओळखीचा माणूस.

रीटफेल्ड या गटात शिरला तो सुतारकामामुळेच. रॉबर्ट फान ट हॉफ या आर्किटेक्टनं अमेरिकेत जाऊन फ्रँक लॉइड राइटची घरं बघितली होती. परत आल्यावर त्यानं बांधलेल्या एका घरासाठी राइटच्या पद्धतीचं फर्निचर बनवायचं काम रीटफेल्डकडे आलं. त्या ओळखीतून पुढची ओळख झाली आणि १९१९ मध्ये तो ‘द स्टाइल’ चा सभासद झाला. खुर्ची मात्र त्याच्या आधीचीच होती.

तीन पेन्सिली घ्या

आता मुख्य भाग. १९१८ च्या सुमारास रीटफेल्डनं एक खुर्ची बनवली. तिच्यात एकूण तीन प्रकारची लाकडं आहेत. चौकोनी छेदाच्या बारीक पट्ट्या, हात टेकायला दोन जरा रुंद पट्ट्या, आणि दोन फळ्या, एक बसायला आणि एक पाठीला. गादी नाही, कोरीवकाम नाही, वळवलेलं लाकूड नाही. सरळ करवतीनं कापलेला माल. लाकडाच्या वखारीत मिळतात त्या मापाच्या पट्ट्या मशीनवर कापल्या की अर्धं काम संपलं.

खरी करामत सांध्यात आहे. ती समजून घ्यायला तीन पेन्सिली घ्या, किंवा तीन खोडरबर, जास्त बरं. पहिला आडवा ठेवा, डावीकडून उजवीकडे. दुसरा त्याच्या डोक्यावर ठेवा, पण तुमच्याकडून समोर जाणारा. तिसरा उभा धरा आणि पहिल्या दोघांनी जो कोपरा केलाय त्यात असा चिकटवा की त्याची एक बाजू पहिल्याला लागेल आणि दुसरी बाजू दुसऱ्याला. झालं. तिघं तीन वेगळ्या दिशांना जातात, प्रत्येक जण उरलेल्या दोघांना स्पर्श करतो, आणि तरी कुणीच कुणाच्या पोटात शिरलेला नाही. कुणालाही खाच पाडलेली नाही. याला आज रीटफेल्ड सांधा म्हणतात. गणितातल्या एक्स, वाय, झेड अक्षांवरून कार्टेशियन सांधाही म्हणतात.

मग हे टिकतं कशावर? लाकडी खुंट्यांवर. जिथे दोन पट्ट्या एकमेकींना चिकटतात तिथे दोघींना भोक पाडून आतून एक खुंटी आणि सरस. बाहेरून काही दिसत नाही. एका सांध्यात अशा तीन जोड्या, म्हणून तीन खुंट्या. इथे तुम्ही विचाराल की इतक्या बारीक पट्टीत दोन बाजूंनी भोकं पाडली तर ती आत एकमेकांना छेदणार नाहीत का? मलाही तीच शंका होती. म्हणून मी हा सांधा एका मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उभा करून, लाकूड पारदर्शक करून बघितला. नाही छेदत. तीन पट्ट्या एकमेकींच्या शेजारून जात असल्यामुळे प्रत्येक भोक आपोआप पट्टीच्या जाडीएवढं सरकतं. सांध्याची भूमितीच खुंट्यांना वाट करून देते. हे बघितल्यावर मी खुर्चीच्या रंगांबद्दल काही काळ विसरूनच गेलो.

तर यानं काय साधलं? एक, वेळ वाचला. खाच पाडणं हे सुतारकामातलं सगळ्यात कौशल्याचं आणि वेळखाऊ काम, तेच गेलं. दोन, लाकूड कापून कमकुवत झालं नाही. आणि तीन, प्रत्येक पट्टी सांध्याच्या पुढेही थोडी जाते. ती तिथे संपत नाही. नेहमीच्या खुर्चीत पाय चौकटीत जाऊन विरतो, इथे कुठलाच भाग कशात विरत नाही. हा पाय, ही आडवी, ही फळी, असं सगळं सुटंसुटं मोजता येतं. खुर्ची स्वतःचाच असेंब्ली मॅन्युअल आहे म्हणा ना.

डोळ्याला दिलेला चकवा

पुष्कळांना वाटतं की मोंड्रियानचं चित्र बघून रीटफेल्डनं त्याची खुर्ची केली. तारखा तसं सांगत नाहीत. १९१९ मध्ये ‘द स्टाइल’ मासिकात जिचा फोटो छापला गेला ती खुर्ची रंगवलेली नव्हती. शिवाय हाताखाली बाजूच्या फळ्याही होत्या, त्या नंतर गेल्या. आपण ओळखतो ते लाल, निळे, काळे आणि पिवळे रंग तिच्यावर चढले ते साधारण १९२३ च्या सुमारास. म्हणजे रचना आधी, रंग चार-पाच वर्षांनी.

पण रंग नुसते शोभेचे नाहीत. पट्ट्या काळ्या आणि त्यांची कापलेली टोकं पिवळी. आपला डोळा काळी पट्टी बघत बघत टोकाला येतो आणि तिथे पट्टी संपायच्या ऐवजी उजळ रंगाचा चौकोन लागतो. त्यामुळे ती रेषा तिथे छाटल्यासारखी वाटते, म्हणजे मूळची रेषा पुढे कुठेतरी जात असणार असा भास होतो. खुर्ची काळ्या जमिनीवर, गडद भिंतीसमोर ठेवली तर सांगाडा अंधारात मिसळतो आणि लाल-निळ्या फळ्या हवेत तरंगल्यासारख्या दिसतात. वजन पेलणारा भाग गायब, आणि वजन घेणारा तेवढा समोर! बसायची वस्तू म्हणून जे आपण बघतो ते असतं लाकूड. रीटफेल्डला दाखवायची होती लाकडाच्या मधली मोकळी जागा. भिंती न बांधता जागा कशी आखता येईल, हा त्याचा खरा विषय होता. खुर्ची हा त्या विषयाचा सगळ्यात स्वस्त प्रयोग.

बसायला कशी आहे? फळ्या कडक आहेत, पण बैठक मागे कललेली आणि पाठ रेललेली असल्यामुळे दिसते तितकी क्रूर नाही. तरीही त्यात तुम्ही सोफ्यात रुततो तसे रुतत नाही. आपण बसलोय ही जाणीव खुर्ची सतत ठेवते. त्यानं एका खुर्चीखाली मॉर्गनस्टर्न या जर्मन कवीची बसण्यावरची एक गमतीदार कविता चिकटवली होती, यावरून माणूस अगदीच कोरडा नव्हता हे कळतं.

याच काळात जर्मनीतल्या बाउहाउस शाळेत मार्सेल ब्रॉयर नावाचा विद्यार्थी पट्ट्यांच्या खुर्च्या करत होता. त्याच्या १९२२ च्या आसपासच्या खुर्चीवर रीटफेल्डचा प्रभाव उघड दिसतो. हाच ब्रॉयर पुढे स्टीलच्या नळीच्या खुर्च्यांसाठी प्रसिद्ध झाला. १९२३ मध्ये बर्लिनच्या एका प्रदर्शनासाठी रीटफेल्डनं आणखी एक खुर्ची केली, तिला डावी-उजवी बाजू सारखी नाही. एकीकडे हात टेकायला रुंद फळी, दुसरीकडे हातच नाही. खुर्चीला दोन हात किंवा एकही नाही, असं गृहीत धरून आपण चालतो. हे गृहीत कुणी ठरवलं, असंच जणू ती विचारते.

श्रोडरबाईंचं घर

इथे ट्रूस श्रोडर यांच्याबद्दल लिहायलाच हवं, कारण अनेक वर्षं त्यांचं नाव ‘घरमालकीण’ म्हणून एका ओळीत उरकलं जायचं. १९२१ मध्ये रीटफेल्डनं त्यांच्यासाठी एक खोली सजवली होती. १९२३ मध्ये त्यांचे वकील पती वारले, पदरात तीन मुलं. त्यांना घर हवं होतं, पण आईबाप एका मजल्यावर आणि मुलं भलतीकडे असलं नको होतं. मुलांसोबत, मोकळ्या जागेत राहायचं होतं. १९२४ मध्ये युट्रेख्तला विटांच्या घरांच्या एका रांगेच्या टोकाला दोघांनी मिळून ते घर उभं केलं.

बाहेरून ते मोठ्या केलेल्या लाल-निळ्या खुर्चीसारखंच आहे. पांढऱ्या-करड्या भिंती एकमेकींच्या पुढे सरकलेल्या, रंगीत खांब-पट्ट्या सांध्याच्या पुढे गेलेल्या. आतल्या वरच्या मजल्याला पक्क्या भिंतीच नाहीत. सरकत्या पडद्या-भिंती आहेत. रात्री ओढल्या की खोल्या तयार होतात, सकाळी सरकवल्या की एक सलग दिवाणखाना. आज आपण छोट्या फ्लॅटमध्ये सरकतं पार्टिशन बसवतो तेव्हा हाच विचार करत असतो. सरकती भिंत त्यांना हवी होती ती मुख्यतः श्रोडरबाईंच्या आग्रहामुळे. गंमत म्हणजे बांधकामाच्या परवानगीसाठी दिलेल्या नकाशात हा मजला चक्क माळा म्हणून दाखवला होता, कारण खोल्या नसलेला राहता मजला नियमात बसला नसता. जेवणाच्या कोपऱ्यातल्या दोन खिडक्या उघडल्या की मध्ये खांबच उरत नाही, घराचा कोपराच नाहीसा होतो. खालून वर जेवण नेणारी छोटी लिफ्ट आहे, दारात बोलायची नळी आहे.

आणि एक गोष्ट जी मला आवडते आणि जी पुस्तकी कौतुकात कधी कधी राहून जाते: हे घर काँक्रीटचं दिसतं, पण आहे मुख्यतः विटांचं, वरून गिलावा केलेलं. पाया आणि बाल्कन्या तेवढ्या सळईकाँक्रीटच्या. नव्या जमान्याचं घर जुन्या जमान्याच्या मालात बांधलेलं. दोन हजार साली युनेस्कोनं ते जागतिक वारसा यादीत घेतलं.

घर झालं आणि रीटफेल्डचं बरंचसं लक्ष इमारतींकडे वळलं. वर्कशॉप त्याच्याकडे पोरवयात आलेल्या गेरार्ड फान दे ग्रुनेकान या कारागिरानं सांभाळलं. पुढच्या कित्येक वर्षांत संग्रहालयांनी जी रीटफेल्ड खुर्ची विकत घेतली, ती पुष्कळदा या ग्रुनेकानच्या हातची असायची.

चार फळ्या आणि पायच नाहीत

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रीटफेल्डनं झिगझॅग खुर्ची केली. चार फळ्या: पाठ, बैठक, एक तिरकी, आणि एक जमिनीवर. बाजूनं बघितलं तर इंग्रजी झेड अक्षर, वर पाठ जोडलेलं. पाय नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, बसलं की मोडणार.

का मोडत नाही ते बघा. बैठकीची फळी फक्त पुढच्या कडेला तिरक्या फळीशी जोडलेली आहे, मागे अधांतरी. तुम्ही बसलात की बैठक मागून खाली दबते, म्हणजे बैठक आणि तिरकी फळी यांच्यातला कोन मिटायला बघतो. खालीही तसंच, तुमचं वजन तिरक्या फळीला पुढे वाकवायला बघतं आणि जमिनीवरच्या फळीशी असलेला तिचा कोन मिटायला लागतो. म्हणून या दोन्ही अरुंद कोनांत आतून त्रिकोणी पाचर बसवलेली आहे. लाकूड दाबाला बळकट, पाचर दाबली जाते आणि कोन मिटू देत नाही. पाठ आणि बैठकीच्या कोपऱ्यात उलट ताण येतो, कारण रेलल्यावर तो कोन उघडायला बघतो. तिथे डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे दाते. जिथे जसा जोर तिथे तसा सांधा. दिसायला जादू, आत साधं बलांचं गणित.

ही खुर्ची ॲमस्टरडॅमच्या मेट्झ कंपनीनं विकली. पण माझ्या मते रीटफेल्डची सगळ्यात धाडसी गोष्ट त्याच दुकानात दुसऱ्या कोपऱ्यात होती. मंदीचे दिवस होते. १९३४ च्या सुमारास त्यानं सामानाच्या खोक्यांना वापरतात त्या साध्या लाकडाचं फर्निचर काढलं. फळ्या कापलेल्या मिळणार, घरी न्यायच्या आणि स्वतः स्क्रूनं जोडायच्या. आज ऑनलाइन मागवलेलं टेबल सपाट खोक्यात येतं आणि आपण पाना घेऊन बसतो, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. लाल-निळ्या खुर्चीत जे वचन होतं, साधा माल, सोपा सांधा, कुणाच्याही हातानं होणारं काम, ते इथे प्रत्यक्ष दुकानात आलं. पण चित्रांच्या पुस्तकात कुणाचा फोटो येतो? लाल-निळीचा. खोक्याच्या लाकडाचा डोळ्याला चकवा नसतो ना.

कारखान्यात ढिगानं निघणारी खुर्ची हे त्याचं स्वप्न त्याच्या हयातीत पुरतं जमलंच नाही. एकाच पत्र्यातून वाकवलेली ॲल्युमिनियमची खुर्ची त्यानं १९४२ च्या सुमारास करून बघितली, तीही प्रयोगापुरतीच राहिली. ते दिवस जर्मन कब्जाचे होते. कलाकारांनी नाझींच्या सांस्कृतिक मंडळाचं सभासद व्हायचं, नाहीतर काम करायचं नाही असा नियम होता. रीटफेल्ड सभासद झाला नाही.

युद्धानंतर पुन्हा मोठी कामं आली. व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनातलं डच दालन १९५४ मध्ये झालं. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाचा आराखडा त्यानं १९६३ मध्ये सुरू केला, इमारत उघडली १९७३ मध्ये, त्याच्या पश्चात. पत्नी १९५७ मध्ये वारली. त्यानंतर तो श्रोडरबाईंच्या घरी राहायला गेला, जे घर त्यानंच त्यांच्यासोबत आखलं होतं. शेवटच्या दिवसांत त्या घरासमोरून उंचावरचा मोठा रस्ता गेला आणि मोकळ्या शेतांकडे बघणारं घर रहदारीकडे बघू लागलं. जागेचा विचार आयुष्यभर करणाऱ्या माणसाला याचं काय वाटलं असेल ते तुम्हीच ओळखा. २५ जून १९६४ ला, शहात्तरावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो त्याच घरात गेला. श्रोडरबाई तिथे १९८५ पर्यंत राहिल्या.

त्याच्या पश्चात १९७० च्या दशकात इटलीतल्या कासिना कंपनीनं परवाना घेऊन लाल-निळी खुर्ची बनवायला सुरुवात केली. आज ती घ्यायची तर किंमत रुपयांत लाखांच्या घरात जाते. लाकूड तेवढंच लागतं, पट्ट्याही तशाच सरळ कापलेल्या, सांधाही तोच. तीन खोडरबरांचा तो प्रयोग मात्र फुकट आहे. जमला तर सांध्याचा फोटो काढून आम्हाला पाठवा, आणि तिसरा खोडरबर कुठल्या बाजूला लावलात तेही लिहा, कारण तो दोन प्रकारे लागतो आणि दोन्ही बरोबर आहेत.